संदेशकारांनी छापलेली मरणवार्ता

मुंबईहून निघालेला लोहमार्ग इगतपुरी, नाशिक, मनमाड, भुसावळ करत जबलपूरला पोचून अलाहाबादमार्गे कलकत्त्याला जाणाऱ्या मार्गाला भिडला तो मार्च १८७० मध्ये. त्यानंतर दोन महिने उलटायच्या आत, ३० एप्रिलला, त्र्यंबकेश्वरच्या दाजीशास्त्री फाळक्यांच्या घरी धुंडिराजाचा, म्हणजे पुढच्या चित्रपटकार दादासाहेब फाळक्यांचा, जन्म झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी तसा काही संबंध नाही. पण पन्नासएक वर्षांनी हाच धुंडिराज सिनेमाला रामराम ठोकून, बायकामुलांसह काशीला निघून गेला. तोवर त्याचं नाव देशभर झालं होतं. नाशिकहून रेल्वेने काशीला जायचं तर मनमाड टाळता येत नाही, आणि परत यायचं तरीही नाही. दादासाहेब फाळके परत आले, आणि त्यांना परत आणण्यात मोठा वाटा होता तो वर्तमानपत्राला पत्रं लिहिणाऱ्या प्रेक्षकांचा.

उमेद हरवलेला माणूस आपलं क्षेत्र सोडून आडगावी जातो आणि तिथून नवा होऊन परततो, ही गोष्ट सिनेमावाल्यांच्या भारी आवडीची. २०११ साली अमेरिकेत ‘सेव्हन डेज इन युटोपिया’ नावाचा चित्रपट आला. त्यातला तरुण गोल्फपटू ल्यूक ऐन स्पर्धेत कोसळतो. कॅडी म्हणून सोबत असलेला बापच त्याला मैदानात सोडून चालता होतो, आणि हा गाडी घेऊन भरकटत टेक्सासमधल्या युटोपिया गावाच्या कुंपणावर आदळतो. तिथे रॉबर्ट डुव्हॉलने रंगवलेला एक म्हातारा गुरांचा मालक, एके काळचा गोल्फपटू, त्याला भेटतो आणि सात दिवसांत त्याचा गेलेला आत्मविश्वास परत मिळवून देतो. कधी मासे पकडायला लावून, कधी चित्र काढायला लावून खेळ शिकवायचा, अशी त्याची तऱ्हा.

या चित्रपटावर लोक सरळ दोन तट पाडून बोलले. श्रद्धाळू प्रेक्षकांना तो मनापासून आवडला. समीक्षक रॉजर एबर्टने मात्र चारपैकी एक तारा दिला आणि हा सिनेमा पुन्हा पाहण्यापेक्षा गोल्फचा चेंडू खाल्लेला परवडला, अशा अर्थाचं लिहून मोकळा झाला. खरा राग होता तो शेवटाचा. निर्णायक फटका मारला जातो, चेंडू भोकाकडे निघतो आणि तो आत गेला की नाही हे पडद्यावर दाखवतच नाहीत. उत्तर हवं असेल तर इंटरनेटवर जाऊन बघा, असं सांगून प्रेक्षकाला घरी पाठवतात. तिकिटाचे पैसे मोजलेल्या माणसाला याचा संताप येणारच.

मराठी मुलखात ही गोष्ट गोल्फच्या वाटेने कधी आलीच नाही. नाशिक शहराच्या मध्यावर ‘गोल्फ क्लब’ आहे, पण तिथे सकाळी लोक चालायला जातात आणि महाराष्ट्राचे रणजी सामने भरतात. साहेबांचा खेळ गेला, नाव राहिलं. कागदोपत्री हे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ ला कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला जमलेल्या प्रेक्षकांत. हिंदीत २०१६ साली नवाझुद्दीन सिद्दिकीचा ‘फ्रीकी अली’ आला, त्यात रस्त्यावर चड्ड्या विकणारा गडी गोल्फर होतो. पण तो हसवणुकीचा मामला होता. हरवलेली उमेद आणि प्रेक्षकांचं मत या दोन्हींची गाठ पडलेली या भागातली खरी हकीकत शंभर वर्षांपूर्वीची आहे, आणि ती पडद्यावरची नाही, पडद्यामागची आहे.

फाळक्यांची सुरुवातच प्रेक्षक म्हणून झाली. १९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातल्या ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. समोर ख्रिस्त दिसत होता आणि आपल्याला राम-कृष्ण दिसत होते, असं त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखमालेत नोंदवलं. मग मिळेल तो सिनेमा पाहण्याचा सपाटा सुरू झाला. दिवसचे दिवस डोळे ताणून दृष्टी जायची वेळ आली, डॉ. प्रभाकरांच्या उपचारांनी ती वाचली. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, दोन आठवड्यांत पाहायचं ते पाहून, कॅमेऱ्याची मागणी नोंदवून परतले. ३ मे १९१३ ला ‘कॉरोनेशन’मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामतीचं काम करणारे अण्णा साळुंके हे ग्रँट रोडच्या एका हॉटेलातले स्वयंपाकी. महिना दहा रुपयांवरचा माणूस फाळक्यांनी पंधरा रुपये देऊन उचलला.

त्याच वर्षी बिऱ्हाड नाशिकला हललं. घाट, देवळं, वाडे, वनराई सगळं हाताशी. पौराणिक चित्रांना आणखी काय लागतं? ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ झाले. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला आणि प्रेक्षक या प्राण्याची ताकद पहिल्यांदा पुरती कळली. राम पडद्यावर येताच लोक पायताणं काढून हात जोडत आणि जमलेली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागत, असं सांगतात. गंमत अशी की त्यात राम आणि सीता दोन्ही साळुंक्यांनीच केले होते. स्वयंपाकी साळुंके हा तपशील माहीत असूनही हात जोडणारे थोडे नसतील.

पैसा आला तसे पैसेवाले आले. १ जानेवारी १९१८ पासून ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी’ सुरू झाली. मुंबईचे पाच भागीदार भांडवल घालणार आणि फाळके चित्रं काढणार. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ हे दोन्ही गाजले. ‘कालिया मर्दन’ची बरीचशी फिल्म पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे आजही पाहता येते. तिच्या आरंभी एक लहानसा तुकडा आहे. फाळक्यांची सात-आठ वर्षांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर येते आणि एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. मग तीच मुलगी कृष्णाच्या वेषात उभी राहते. चमत्कार पाहायला बसलेल्या प्रेक्षकाला आधी कारागिरी दाखवायची आणि तरी चमत्कारावर विश्वास ठेवायला लावायचं, हे धाडस ज्याच्यापाशी होतं त्याला स्वतःच्या हातावर भरवसा नव्हता असं कोण म्हणेल?

भरवसा उडाला तो माणसांवरचा. खर्च किती, पगार किती, चित्र किती दिवसांत संपवायचं यावरून भागीदारांशी खटके उडू लागले. फाळक्यांना काटकसर सांगणं म्हणजे गंगेला बांध घालणं होतं, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावं. दुसऱ्या बाजूला, हिशेबाच्या वह्या घेऊन बसलेल्यांना ज्या माणसामुळे कंपनी उभी आहे त्याची किंमत कळली नाही, हेही तितकंच खरं. बोलणी वकिलांपर्यंत गेली. शेवटी फाळक्यांनी कंपनी सोडली, चित्रपटसंन्यास जाहीर केला आणि कुटुंबासह काशी गाठली.

काशीत ते गप्प बसले नाहीत. किर्लोस्कर नाटक मंडळी दौऱ्यावर तिकडे आली, तिच्या मंडळींशी बैठकी झडल्या आणि त्यातून ‘रंगभूमी’ हे नाटक निघालं: तेव्हाच्या नाट्यव्यवसायाची टर उडवणारं आणि लांबलचक. मुंबईत बालीवाला थिएटरात ते रंगमंचावर आलं, पुण्यातही झालं. पण ‘लंकादहन’च्या कर्त्याकडून लोकांची जी अपेक्षा होती ती काही पुरी झाली नाही. इकडे नाशिकची कंपनीही फाळक्यांविना अडखळत होती. कलकत्त्याच्या मादन थिएटर्सकडून बोलावणं आलं, ते त्यांनी नाकारलं. हिंदुस्थान कंपनीचे बापूसाहेब पाठक परत या म्हणून सांगत होते, त्यालाही दाद लागत नव्हती.

आणि इथे अच्युतराव कोल्हटकर मध्ये पडले.

अच्युतराव म्हणजे ‘संदेश’कार. १९१५ मध्ये त्यांनी मुंबईत ‘संदेश’ काढला आणि मराठी वर्तमानपत्राचा सुरकुतलेला चेहरा पार बदलून टाकला. चटकदार मथळे, नाटकी मांडणी आणि ‘वत्सलावहिनीची पत्रे’सारखी सदरं. पत्र या प्रकाराचा नाद त्यांनी वाचकांना आधीच लावून ठेवलेला होता. स्नेही म्हणून त्यांनी फाळक्यांना परत या असं लिहिलं. फाळके उत्तरादाखल फणकारले: चित्रपटसृष्टीपुरता मी मेलो असं तुम्ही म्हणता ना, मग मेलोच समजा. दुसऱ्या एखाद्या संपादकाने हे खाजगी पत्र खिशात ठेवलं असतं. अच्युतरावांनी ते छापलं, आणि वर मथळा दिला तो दादासाहेब फाळके वारले अशा अर्थाचा.

हा आचरटपणा होता यात शंका नाही. आज कुणी असं केलं तर दिवसभर गदारोळ होईल आणि संध्याकाळी माफीनामा येईल. पण मथळा लागू पडला. वाचकांची पत्रं येऊ लागली. तुम्ही परत या, चित्रं काढा, हा एकच सूर. अच्युतरावांनी ती छापली आणि ते सगळे अंक काशीला धाडून दिले. मुंबईचं टपाल काशीकडे जायचं ते याच लोहमार्गाने. तेव्हा मेलेल्या माणसाची मनधरणी करणारे ते अंक मनमाडवरूनच पुढे गेले असणार. फाळक्यांनी ते वाचले आणि नाशिकला परतले. १९२२ च्या ऑक्टोबरात त्यांचा ‘संत नामदेव’ प्रदर्शित झाला.

टेक्सासच्या गोष्टीत एका ल्यूकसाठी एक म्हातारा पुरतो. नाशिकच्या गोष्टीत गुरू कुणीच नाही. आहे तो एक खोडकर संपादक आणि बोरूने पत्रं खरडणारे वाचक, ज्यांना फाळके ओळखत नव्हते आणि जे फाळक्यांना फक्त पडद्यावरच्या देवांमुळे ओळखत होते. त्यांच्यात शिक्षक असतील, कारकून असतील, रेल्वेतले बाबू असतील. भागीदारांनी मागितलेला हिशेब आणि या अनोळखी लोकांनी मागितलेलं चित्र, यांतलं दुसरं मागणं फाळक्यांना मोडवलं नाही, एवढंच यातून दिसतं.

प्रेरणादायी सिनेमा असता तर इथेच संपवला असता. प्रत्यक्षात फाळके परत आले ते त्याच कंपनीत, निर्मितीप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून. पैशांचे जुने वाद पुन्हा डोकं वर काढू लागले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांनी पुष्कळ चित्रं काढली, पण ‘लंकादहन’सारखी लाट पुन्हा उसळली नाही. तोवर बाबूराव पेंटर कोल्हापुरात वेगळ्याच नजरेने कॅमेरा चालवू लागले होते. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मुका तयार झाला आणि मागाहून त्यात आवाज भरावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला त्यांचा एकमेव मूळचा बोलपट आणि शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले. परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा २००९ चा देखणा चित्रपट उमेदीच्या पहिल्या वर्षांवर थांबतो. काशी, ‘रंगभूमी’ आणि अच्युतरावांचा मथळा यांवरचा चित्रपट कुणी केल्याचं ऐकिवात नाही. खरं नाट्य तिथे आहे.

पत्र लिहून सिनेमावर मत देण्याची सवय मात्र या जिल्ह्याने पुढे चांगलीच जोपासली. नाशिकच्या ‘गांवकरी’ परिवाराचं ‘रसरंग’ हे साप्ताहिक सिनेमा आणि खेळ दोन्ही एकाच अंकात वाढायचं, आणि इसाक मुजावरांसारख्या सिनेपत्रकाराची लेखणी त्यात गाजली. ‘रसरंग’ने चित्रपटांसाठी दिलेल्या पुरस्काराला नाव होतं फाळक्यांचंच.

मनमाडहून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर याच जिल्ह्यातलं मालेगाव. त्या गावात रेल्वे नाही. गाडी पकडायची तर मनमाडलाच यावं लागतं. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी पन्नासएक हजारांत ‘मालेगाव के शोले’ काढला, २००० साली. प्रेक्षक समोरच्याच गल्लीतला, त्यामुळे मत कळायला टपालाची वाट पाहायला नको: आवडलं तर शिट्ट्या, नाही तर खुर्च्यांची खडखड. यंत्रमागावर काम करणारे शफिक शेख ‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये नायक झाले आणि पुढे कर्करोगाने गेले. या सुपरमॅनच्या निर्मितीवरचा फैझा अहमद खान यांचा माहितीपट परदेशी महोत्सवांत फिरला. रीमा कागतींनी त्याच मंडळींवर काढलेला ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ ला चित्रपटगृहांत लागला. पाहिलेल्यांनी तोंडभरून कौतुक केलं, पण तिकिटं थोडीच खपली.