कार्ले, वडगाव आणि 'मी नेतो' म्हणणारा कॅप्टन

'स्टार ट्रेक' बघणाऱ्यांना हा प्रसंग पाठ असेल. यान कुठेतरी भलत्याच ठिकाणी अडकलंय, इंजिनं बंद, बाहेर शत्रू. पुलावरचे वरिष्ठ अधिकारी एकमेकांची तोंडं बघताहेत. आणि मग मागच्या रांगेतला कुणीतरी पुढे येऊन म्हणतो, "सर, मी जातो." कॅप्टन दोन सेकंद त्याच्याकडे बघतो आणि मान हलवतो. पुढे तो वाचतो किंवा मरतो, पण परवानगी मात्र मिळतेच.

मला बरेच दिवस एक प्रश्न पडला होता. समजा कॅप्टन "नाही" म्हणाला तर? असा भाग काही माझ्या पाहण्यात आला नाही. पण अशी गोष्ट खरोखर घडली आहे, तीही आपल्या पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावर. साल 1779.

कार्ल्याला आपण जातो ते एकवीरेच्या दर्शनाला, लेणी बघायला, नाहीतर पावसाळ्यात भजी खायला. पण 4 जानेवारी 1779 या दिवशी इथे इंग्रज आणि मराठे यांच्या तोफा चालू होत्या. त्यातला एक गोळा लागून जेम्स स्टुअर्ट नावाचा इंग्रज कॅप्टन ठार झाला. झाडावर चढून मराठ्यांची फौज न्याहाळत असताना गोळा लागला, असं मावळात सांगतात. हाच आपला 'इष्टुर फाकडा'. शत्रूच्या अधिकाऱ्याचं नाव मराठी करून, वर त्याला फाकडा ही पदवी देऊन त्याचं वडगावात स्थान मानणारे आपण लोक अजबच आहोत. असो. स्टुअर्टवर बरंच लिहिलं गेलंय. मला आज सांगायचंय ते दुसऱ्या एका कॅप्टनबद्दल. त्याचंही नाव जेम्सच. जेम्स हार्टले.

आधी थोडी पार्श्वभूमी. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर (1773) राघोबादादांना बारभाईंनी बाजूला सारलं आणि तान्ह्या सवाई माधवरावाच्या नावाने नाना फडणीस कारभार बघू लागले. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. 1778 च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांनी ठरवलं की दादांना थेट पुण्यात नेऊन गादीजवळ बसवायचं. तेव्हा सवाई माधवरावाचं वय होतं साडेचार वर्षं.

फौज होती साधारण 3,900 माणसांची. त्यात गोरे हजाराच्या आतच, बाकी बहुतेक एतद्देशीय शिपाई. आणि सामान वाहायला बैल किती, तर 19,000! घाट चढून पुण्याला जायला माणसामागे जवळजवळ पाच बैल. आमच्या क्षेत्रात प्रोजेक्टपेक्षा डॉक्युमेंटेशन जड होतं तेव्हा मला हे बैल आठवतात. :-)

पण खरी मेख बैलांची नव्हती. मोहिमेचे सर्वाधिकार एका माणसाला न देता तिघांच्या कमिटीला दिले होते. जॉन कारनॅक, कर्नल एगर्टन आणि थॉमस मॉस्टिन. निर्णय बहुमताने. त्यातला पुण्याची खडान् खडा माहिती असलेला एकमेव माणूस म्हणजे मॉस्टिन. तो आजारी पडून परत गेला आणि 1 जानेवारीला वारला. उरले दोघे, आणि त्यांचं आपसात जमत नव्हतं. त्यात एगर्टनची तब्येत ढासळली आणि लष्कराची सूत्रं कॉकबर्न नावाच्या अधिकाऱ्याकडे आली. म्हणजे ऐन मोहिमेत मॅनेजर बदलला!

स्टुअर्टने नोव्हेंबरातच सहा कंपन्या घेऊन बोरघाट ताब्यात घेतला होता. मुख्य फौज डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घाट चढली आणि कार्ल्यापर्यंत यायला 4 जानेवारी उजाडला. खंडाळा ते कार्ले, दहा-बारा दिवस. आज शनिवारच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा एवढा वेळ लागत नाही (लागेलसं वाटतं हे खरं).

मराठ्यांनी या संथपणाचा पुरेपूर फायदा घेतला. समोरासमोर मोठी लढाई दिलीच नाही. भिवराव पानशांचा तोफखाना आणि घोडदळाच्या टोळ्या रोज थोडं थोडं कुरतडत राहिल्या. वाटेवरची गवत-वैरण जाळली, गावं रिकामी केली. 9 जानेवारीला इंग्रज तळेगावात पोचले तेव्हा तेही जळालेलं होतं. पुढे चिंचवड आणि वेळ आलीच तर पुणंसुद्धा जाळायची तयारी होती. राघोबादादांनी सांगितलं होतं की आपण दिसलो की सरदार आपल्याकडे येतील. कुणीही आलं नाही. समोर महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके.

आता हा मुद्दा बघा. तळेगावात इंग्रजांच्या छावणीत अजून अठरा दिवसांचं धान्य शिल्लक होतं. पुणं अठरा मैलांवर. आणि कमिटीने ठरवलं की परत फिरायचं. थांबा, निदान बोलणी करून बघा, असं म्हणणारे होते. हार्टले त्यांच्यातलाच. ऐकलं कोण?

11 जानेवारीच्या रात्री अकराच्या सुमारास जड तोफा तळ्यात ढकलल्या, साठा पेटवून दिला आणि जवळजवळ 2,600 लढाऊ माणसं आणि त्यांच्यामागे बाजारबुणग्यांचा लोंढा गुपचूप निघाला. गुपचूप म्हणजे, पेटलेल्या साठ्याच्या उजेडात! पहाटे दोनच्या आसपास मराठ्यांनी गाठलंच.

पिछाडीला हार्टले होता, त्याच्याबरोबर शिपायांच्या कंपन्या. माघार घेणाऱ्या फौजेची पिछाडी म्हणजे काय, हे आपल्याला बाजीप्रभूंमुळे वेगळं सांगायला नको. पुढचे निसटावेत म्हणून मागच्यांनी उभं राहायचं. उजाडलं तेव्हा महादजींच्या फौजेचा सगळा भार याच तुकडीवर आला. ती मोडली नाही. वळायचं, गोळ्या झाडायच्या, थोडं मागे सरकायचं, पुन्हा वळायचं. दुपार उलटेपर्यंत हे चाललं आणि उरलेली फौज वडगावात शिरली.

तळेगाव आणि वडगाव ही लोकलची लागोपाठची स्टेशनं आहेत. एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस, एवढी लढाई करून ते लोक फक्त एक स्टेशन मागे आले होते.

आणि हे मागे उभे राहिलेले शिपाई कोण होते? मुंबई सरकारच्या पायदळाची भरती मोठ्या प्रमाणावर कोकणातून व्हायची. म्हणजे समोरून चालून येणाराही मराठी बोलणारा आणि बंदूक रोखून उभा राहिलेलाही. शाळेत ही लढाई 'मराठे विरुद्ध इंग्रज' म्हणून शिकवली, तेव्हा हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. इंग्रजी इतिहासात अधिकाऱ्यांची नावं आहेत, पण त्या दिवशी खऱ्या अर्थाने फौज वाचवली त्या शिपायांपैकी एकाचंही नाव माझ्या वाचनात आलेलं नाही.

13 जानेवारीला सकाळी वडगावावर मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या. गावात दाटी, गोंधळ, जखमी. कॉकबर्नने मत दिलं की आता फौज मुंबईला नेणं अशक्य आहे, मी जबाबदारी घेणार नाही. आजारी एगर्टननेही त्याला दुजोरा दिला.

इथे हार्टले पुढे येतो. माघार शक्य आहे, असं तो म्हणाला. नुसतं म्हणाला नाही, फौजेची मांडणी कशी करायची, कुणी कुठे राहायचं हेही त्याने मांडलं. माझ्या माणसांवर माझा भरवसा आहे, हा त्याचा मुद्दा. आदल्या दिवशीची पिछाडी ज्याने सांभाळली होती तोच हे सांगत होता, म्हणजे खुर्चीत बसून हवेत बाण मारणं नव्हतं. पुन्हा पिछाडी कुणाच्या वाट्याला येणार होती हे त्याला ठाऊक नसेल का?

कमिटीने नकार दिला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा साहजिकच हार्टलेच्या बाजूने झालो. आपल्या ऑफिसातही हे दृश्य असतंच. ज्याने रात्रभर जागून सर्व्हर उभा ठेवला तो म्हणतो "होईल", आणि ज्यांनी लॉगिनसुद्धा केलेलं नाही ते म्हणतात "रिस्क आहे". पण नंतर नकाशा काढून बसलो आणि जरा थंड झालो. वडगावहून पुढे कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा, मग खंडाळा आणि मग घाट उतरायचा. घाटमाथ्यापर्यंतच पंचवीस-तीस किलोमीटर. एका स्टेशनाला एक रात्र-दिवस लागला होता. त्या वेगाने किती दिवस? गवत जळालेलं, साठा स्वतःच पेटवलेला, जड तोफा तळ्यात, मराठ्यांचं घोडदळ चहूबाजूंनी आणि खाली कोकणातही मराठ्यांच्या तुकड्या. म्हणजे कॉकबर्नचं 'अशक्य' अगदीच भित्रेपणाचं नव्हतं.

मला वाटतं, हार्टलेचं बरोबर होतं ते दोन दिवस आधी, तळेगावात. अठरा दिवसांचं धान्य आणि सगळ्या तोफा हातात असताना त्याचं ऐकलं असतं तर वडगाव घडलंच नसतं. 13 तारखेला त्याने मागितली ती परवानगी शौर्याची होती, पण तोपर्यंत शौर्याने सुटण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. ते काम महादजींनी आणि पानशांनी आधीच करून ठेवलं होतं. आपल्या बाजूने पाहिलं तर वडगावचा विजय हा तलवारीपेक्षा धीराचा विजय आहे, आणि तो आपल्याकडे हवा तेवढा सांगितला जात नाही. आपल्याला एकदम कापाकापीच लागते.

पुढचं पटापट सांगतो. कमिटीचा सेक्रेटरी विल्यम फार्मर बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत गेला. राघोबादादांनी परस्पर महादजींशी जमवून स्वतःला त्यांच्या स्वाधीन केलं. 16 जानेवारीला वडगावचा तह झाला. 1773 पासून मिळवलेला मुलुख, साष्टीसकट, परत करायचा. बंगालहून येणारी गॉडर्डची फौज माघारी धाडायची. हमी म्हणून दोन ओलीस ठेवले. एक हा फार्मर आणि दुसरा लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट (हा वेगळा स्टुअर्ट, फाकडा नव्हे). तहावर सही करतानाच इंग्रजांना माहीत होतं की असा तह करायचा अधिकार आपल्याला नाही, आणि मुंबईला पोचल्यावर तो धुडकावला गेलाच. म्हणजे हे दोघे कसली हमी म्हणून मागे राहिले होते ते बघा. महादजींनी त्यांना पुढे सुखरूप जाऊ दिलं. त्या काळात कुठल्याही दरबारात याची खात्री देता आली नसती.

कारनॅक, एगर्टन आणि कॉकबर्न तिघांनाही कंपनीने नोकरीतून काढलं. हार्टलेला एकदम लेफ्टनंट कर्नल केलं, आणि लगेच त्याच्यापेक्षा सीनियर असलेल्यांची कुरकुर सुरू झाली. डिसेंबर 1780 मध्ये त्याने वज्रेश्वरीजवळ दुगाडला मराठ्यांचा मोठा हल्ला परतवला. त्यात आपले रामचंद्र गणेश कानडे पडले. त्यानंतर हार्टलेला कळलं की लंडनच्या डायरेक्टरांनी त्याची बढती रद्द केली आहे! तो थेट इंग्लंडला गेला, राजाच्या सैन्यात जागा मिळवून परत हिंदुस्थानात आला आणि 1799 मध्ये कण्णूरला वारला.

गेल्या महिन्यात कार्ल्याहून परतताना मुद्दाम वडगावात थांबलो होतो. महादजींचं स्मारक पाहिलं, मग टपरीवर चहा घेताना तिथल्या एका काकांना इष्टुर फाकड्याचं विचारलं. काकांनी त्याची सगळी कहाणी सांगितली, झाड, तोफ, गोळा, सगळं. मग मी विचारलं, "आणि काका, हार्टले?"

"तो कोण?" काका म्हणाले. "इकडचा नसंल."