वीणा कोणाच्या गळ्यात होती?



शताब्दीच्या स्मरणिकेची कामे वाटली तेव्हा कुणी देणगीदारांची यादी घेतली, कुणी जुने फोटो गोळा करायचे घेतले. "दिंडीची पहिली माणसं कोण, त्यांची घराणी कुठली, आज कुठं आहेत, हे कोण शोधणार?" असे मालकांनी विचारले आणि मी हात वर केला. खरे कारण सांगतो. काम सोपे वाटले. दिंडीची पहिली वीणा आमच्या पणजोबांच्या गळ्यात होती, हे घरात लहानपणापासून ऐकत आलो होतो. चार घरे फिरायची, जुन्या माणसांना विचारायचे, पणजोबांचे नाव वर घालून यादी लिहायची, की झाले! दोन एकादश्यांच्या आत उरकेल असा हिशोब होता. प्रत्यक्षात दोन आषाढ्या गेल्या.

जोडीला तिघे मिळाले. सेवानिवृत्त तलाठी अण्णा, शाळेतले गुरुजी आणि गावातलीच मोडी शिकलेली एक पोर. पगारी कुणी नाही. एसटीचे भाडे ज्याचे त्याने काढायचे, भाकरी ज्याच्या त्याच्या घरची. आम्ही या कामाला शोधसेवा म्हणू लागलो.

संप्रदायाची जुनी रीत

पूर्वजांचा शोध घेणे हे काही आजचे खूळ नाही. ताहराबादचे महिपतीबुवा मूळचे कुलकर्णी, कागदपत्रांच्या घरातले. त्यांनी संतांच्या कथा गोळा करून 1762 साली 'भक्तविजय' पुरा केला. तो ग्रंथ नसता तर कीर्तनात आपण ज्या गोष्टी सांगतो त्यांतल्या कितीतरी आज कुणाला ठाऊकही नसत्या. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायी हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे उतरवली आणि 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे खंड छापू लागले. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले तेही त्यांच्याच पुढाकाराने.

वारीपुरते बोलायचे तर तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली पालखी सोहळा सुरू केला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. ते शिंदे सरकारच्या पदरचे सरदार. पण आळंदीत त्यांची आठवण कशी ठेवली आहे? महाद्वारातली पायरी म्हणून! कार्तिकीच्या सोहळ्याला त्या पायरीच्या पूजनाने सुरुवात होते. पंढरीत नामदेवरायांचीही पायरीच आहे. आपल्या संप्रदायात मोठा पूर्वज म्हणजे पायरी. हे वाक्य मी कितीदा तरी बोललो असेन. त्याचा अर्थ मात्र पुढे कळला.

कागद कुठे कुठे सापडतो

पुष्कळांना वाटते, जुना इतिहास राजेरजवाड्यांचाच असतो, आपल्यासारख्या कुणब्या-कुंभारांचा कुठे लिहून ठेवलाय? लिहून ठेवलाय माउली, पण विखुरलेला.

पहिली जागा आपले घर. पोथीचे शेवटचे पान बघा. आजोबा-पणजोबांनी तिथे जन्मतिथी, वारीला निघाल्याचा दिवस, बैल घेतल्याची किंमत, असे काहीबाही टिपलेले असते. दुसरी जागा तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष. गाव नमुना 14, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो, ते तिथे असते. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध निघाला तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. आमच्या गावच्या बुकात 1918 ची पाने उलटताना गुरुजींचा हात थांबला. मानमोडीच्या साथीचे ते साल. एकाच घरातली तीन-तीन नावे एका पानावर. आपली दिंडी काढणारी माणसे त्या साथीतून वाचलेली होती, हे तोवर आमच्या ध्यानातही आले नव्हते.

तिसरी जागा मराठी शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. चौथी जमिनीचे कागद. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातली जमिनीची नवी मोजणी-आकारणी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली. तुकोबारायांची पालखी जाते तेच इंदापूर. पुढे फेरफाराची नोंदवही आली, म्हणजे नमुना 6. जमीन कुणाकडून कुणाकडे आणि कशाने गेली, हे त्यात कळते. त्याहून मागे, पेशवाईपर्यंत जायचे असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर आहे.

पाचवी जागा तीर्थक्षेत्रे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये आपल्या नामावळीत गाव आणि आडनावानुसार यात्रेकरूंच्या पिढ्या लिहून ठेवतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे हेळवी येतात, तेही घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात.

यातला बराचसा जुना कागद मोडीत असतो. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरे लिहीत जायचे, अशी ती लिपी. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. त्यामुळे नाव वाचताना घाई करू नये. सालाचेही तसेच. शके 1847 लिहिले असेल तर त्यात 78 मिळवा, 1925 येते. फसली सन असेल तर आपल्याकडे 590 मिळवावे लागतात. ही बेरीज चुकली की नातू आजोबाच्या आधी जन्माला येतो!

वही सापडली

दिंडीची पहिली जमाखर्चाची वही एका घरच्या माळ्यावर, धान्याच्या जुन्या कणगीमागे फडक्यात बांधलेली मिळाली. कडा वाळवीने खाल्लेल्या. देवळात समईपुढे ठेवली, नमस्कार केला आणि पोरीने वाचायला घेतली. शिधा किती, टाळांच्या दोऱ्या किती, नावाड्याला काय दिले, असे बारीकसारीक. मग पहिल्या वारीची नावे आली. पोरीने वाचले आणि माझ्याकडे बघून थांबली.

वीणेपुढे नाव होते ते गावातल्या एका कुंभाराचे. आमचे पणजोबा चौथ्या ओळीत होते. त्यांच्यापुढे लिहिले होते, बैलगाडी.

"पुन्हा वाच बाई," मी म्हणालो. तिने पुन्हा वाचले. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावच्या एका मोडी जाणकारांना दाखवले. त्यांनीही तेच वाचले. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखली, ही गोष्ट कीर्तनात ऐकून मी शंभरदा हसलो असेन. त्या दिवशी थापटणे माझ्या डोक्यावर बसले आणि मडके कच्चे निघाले. दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. वही परत फडक्यात बांधून माळ्यावर ठेवावी, असेही मनात येऊन गेले. खोटे का बोलू?

पुढची पाने त्याहून अवघड होती. चार-पाच वाऱ्यांनंतर कुंभाराचे नाव थांबते. त्या पानावर नोंद आहे, वीणा आमच्या पणजोबांकडे ठेविली. 'दिली' नाही, 'ठेविली'. अण्णांनी त्याच सुमाराचा फेरफार काढला. दुष्काळाचे साल. कुंभाराची वीस गुंठे जमीन खरेदीने आमच्या पणजोबांच्या नावावर आली होती. कागद पक्का आहे, रक्कमही लिहिली आहे, फसवणूक कुठे नाही. पण दुष्काळात विकणाऱ्याला भाव ठरवता येत नाही, हे आपण शेतकऱ्यांनी एकमेकांना सांगायला नको. घराणे गाव सोडून गेले. वीणा आमच्या देवघरात राहिली. पुढच्या पिढीत 'ठेविली'चे 'दिली' झाले आणि माझ्या पिढीपर्यंत 'पहिल्यापासून आमचीच' झाली. मुद्दाम कुणी खोटे बोलले नाही. फक्त कुणी विचारले नाही.

गेलेले घराणे

मग ठरवले, त्या घराण्याचा माग काढायचाच. कोतवाल बुकात पुढे काही नाही. शाळेच्या रजिस्टरात मुलाच्या नावापुढे 'परगावी गेल्यामुळे नाव कमी केले' एवढेच. शेवटी नाशिकला रामकुंडावर गेलो. आमच्या गावची नामावळी कोणत्या तीर्थोपाध्यायांकडे आहे ते विचारत विचारत पोहोचलो. त्यांनी बाड सोडले. कुंभाराचा मुलगा वडिलांच्या अस्थी घेऊन आला होता. मूळ गाव आपले लिहिले होते आणि खाली, वस्ती मुंबई, परळ. आपल्या माण-खटावची किती माणसे गिरण्यांच्या भोंग्यावर जगली! तेही त्यांतलेच.

परळच्या चाळी आता बऱ्याचशा उरल्या नाहीत. गावच्या मुंबईकर मंडळींकडून, मग त्यांच्या ओळखीतून, असे करत शेवटी पणतू सापडले. साठीच्या पुढचे, बसगाडीवर चालक होते, आता कल्याणच्या बाजूला राहतात. मी वहीचा फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आमचे आजोबा चाळीतल्या भजनात टाळ वाजवायचे, पण वीणा कधी हातात घेत नसत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, आपली वीणा गावाला आहे."

माझ्याने पुढे बोलवेना. जमिनीचा विषय मीच काढला. ते म्हणाले, "जमीन राहू द्या दादा. ती कसणाऱ्याची. वारीत चार पावलं वीणा द्या म्हणजे झालं."

बायका 7

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. पहिल्या वारीच्या यादीत पुरुषांची नावे आहेत आणि शेवटी लिहिले आहे, 'बायका 7'. नावे नाहीत! डोक्यावर तुळस घेऊन चालल्या, मुक्कामावर भाकरी थापल्या आणि वहीत फक्त आकडा झाल्या. कोतवाल बुकातही बहुतेकदा 'अमक्याची बायको' एवढेच.

कागद संपला तिथे आम्ही आज्यांकडे गेलो. जात्यावरच्या ओवीत बाई आपल्या माहेरच्या, सासरच्या माणसांची नावे गुंफते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रात गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा कुठे जाणत्यांना या ठेव्याची किंमत कळली. आमच्या आज्यांच्या ओव्यांतून आणि आठवणीतून सातांपैकी तीन नावे मिळाली. या अंकाच्या शेवटी वंशावळी छापल्या आहेत, तिथे ती आहेत. उरलेल्या चार ओळी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या आहेत. आपल्या घरात कुणाला नाव आठवले तर तिथे पेनाने लिहा आणि आम्हालाही कळवा.

आता तुमची पाळी

माउली, प्रत्येक गावात, प्रत्येक दिंडीत हे काम करणारी चार माणसे निघायला हवीत. फार शिकलेले असावे लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, घाई न करता विचारा, फोनवर आवाज भरून घ्या. जुन्या फोटोच्या मागे कोण कोण आहेत ते पेन्सिलने लिहा. जुना कागद चिकटपट्टीने जोडू नका, लॅमिनेशन तर करूच नका. फोटो काढा आणि कोऱ्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. ऐकलेले 'ऐकीव' म्हणून लिहा, कागदावर पाहिलेले 'लेखी' म्हणून लिहा. दोन्ही एकत्र कालवू नका. आणि मनाविरुद्ध काही निघाले तर फडके परत बांधू नका. दुसऱ्याच्या घरातले असे काही सापडले तर ते चव्हाट्यावर मांडण्याआधी त्या घरच्यांच्या कानावर घाला.

पणजोबांबद्दल आता मला काय वाटते, असे बैठकीत एकाने विचारले. मी म्हणालो, त्यांनी पहिल्या वारीत सगळ्यांचे ओझे आपल्या गाडीत वाहिले, आणि ठेवलेली वीणा शंभर वर्षांत आमच्या घराने फुटू दिली नाही. पायरी व्हायला एवढे पुष्कळ झाले.

यंदा प्रस्थानाला देवळापासून वेशीपर्यंत वीणा कल्याणच्या त्या माउलींच्या गळ्यात असेल, असे दिंडीच्या बैठकीत एकमताने ठरले आहे. मी गाडीबरोबर चालणार आहे. आमच्या घराची पहिली जागा तीच होती.

रामकृष्ण हरी.