सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट

मुंबईचे वादक चरणजीत सिंग (१९४०–२०१५) यांची, केवळ इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर वाजवलेल्या दहा रागांची ध्वनिमुद्रिका. १९८२ मध्ये एचएमव्हीने (ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया) ती काढली. विक्री बेताची झाली आणि काही वर्षांत ती विस्मृतीत गेली. २०१० मध्ये नेदरलँड्समधून ती पुन्हा निघाली, तेव्हा ‘अ‍ॅसिड हाउस’ या अमेरिकी नृत्यसंगीताची पूर्वज म्हणून तिचा जगभर बोलबाला झाला. आज तिची ओळख मुख्यतः या एका योगायोगावर उभी आहे. मात्र तिचे खरे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. पट्ट्यांच्या वाद्यावर राग कसा वाजवायचा, हा आपल्याकडचा जुना वाद आहे, आणि त्याला या ध्वनिमुद्रिकेने दिलेले उत्तर फारच कल्पक आहे.

चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांतले वादक. १९६० च्या दशकापासून गिटार व पुढे सिंथेसायझर वाजवत त्यांनी अनेक संगीतकारांकडे काम केले. राहुल देव बर्मन हे त्यांपैकी एक. अशा वादकांची नावे रसिकांना क्वचितच ठाऊक असत. सकाळी स्टुडिओत यायचे, समोर आलेले नोटेशन वाचायचे, दोन-तीन टेकमध्ये गाणे पुरे करायचे आणि पुढच्या स्टुडिओकडे निघायचे, असा तो व्यवसाय होता. नवे वाद्य बाजारात आले की ते मिळवण्याची धडपड या मंडळींत सतत चाले, कारण नवा आवाज ज्याच्याकडे असे, त्याला बोलावणे येई. केर्सी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर मुंबईच्या स्टुडिओंत आणला तो याच वातावरणात. चरणजीत सिंग यांनीही जपानच्या रोलँड कंपनीची नवीकोरी यंत्रे सिंगापूरहून आणली.

ही यंत्रे तीन. ज्युपिटर-८ हा एका वेळी आठ स्वर वाजवू शकणारा मोठा कीबोर्ड. टीआर-८०८ हे रिदम मशीन. त्यातला ढोल, टाळी, काउबेल हे सगळे आवाज विजेच्या मंडलांतून तयार होत. तिसरे टीबी-३०३ हे चंदेरी रंगाचे, बॅटरीवरही चालणारे छोटे यंत्र. साथीला बेसवादक नसलेल्या गिटारवादकाला घरी सराव करता यावा, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. त्या कामात ते फसले, कारण त्याचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच येत नसे. १९८४ मध्ये त्याचे उत्पादनही थांबले. त्यात सूर भरण्याची रीत चमत्कारिक आहे: आधी एकामागून एक स्वर भरायचे, मग निराळ्या खेपेत त्या स्वरांचा काळ भरायचा आणि शेवटी कोणत्या स्वरावर आघात द्यायचा व कोणता स्वर पुढच्या स्वराकडे घसरत न्यायचा, ते ठरवायचे. या शेवटच्या सोयीला यंत्रावर ‘स्लाइड’ असे नाव आहे.

ध्वनिमुद्रिकेचे मर्म या सोयीत आहे. आपल्या रागसंगीतात स्वर सुटा उभा राहत नाही. एका स्वरातून दुसऱ्यात जाताना मधली वाट ऐकू यावी लागते. ती मींड हार्मोनियमला जमत नाही, असा आक्षेप घेऊन आकाशवाणीने १९४० मध्ये हे वाद्य बंद केले आणि तीस वर्षांहून अधिक काळ ती बंदी टिकली. महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला होता. नाटक, कीर्तन, भजन तर पेटीवाचून होतच नव्हते. तरीही शास्त्रकारांचा आक्षेप निराधार नव्हता. सिंथेसायझरलाही पेटीसारख्याच पट्ट्या असतात, पण त्यात एका पट्टीकडून दुसरीकडे आवाज वाहत नेता येतो. ज्युपिटरवर त्यासाठी पोर्टामेंटोची सोय आणि स्वर वाकवणारा दांडा असतो, टीबी-३०३ वर स्लाइड. जपानी अभियंत्यांनी बेस गिटारच्या तारेवरून सरकणारे बोट डोळ्यांपुढे ठेवले होते. चरणजीत सिंग यांनी त्याच सोयीतून मींड काढली. यंत्राचा हा उपयोग त्यांना सुचला, कारण हाताला स्टुडिओची आणि कानाला रागाची अशा दोन्ही सवयी त्यांच्याकडे होत्या.

डिस्कोचा ठेका का, याचे उत्तर काळात आहे. १९८० च्या ‘कुर्बानी’ चित्रपटातले बिद्दू यांनी बसवलेले नाझिया हसनचे गाणे देशभर वाजले. पुढच्याच वर्षी नाझिया व झोहेब या भावंडांची ‘डिस्को दीवाने’ ही पहिली ध्वनिमुद्रिका आली आणि १९८२ च्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’ चित्रपट. सगळीकडे डिस्को वाजत असताना त्यातलाच ठेका घेऊन काही वेगळे करावे, तबला बाजूला ठेवून राग वाजवावेत, एवढाच आपला विचार होता, असे चरणजीत सिंग यांनी पुढे मुलाखतींत सांगितले.

ध्वनिमुद्रिकेत भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे राग आहेत. प्रत्येक राग सुमारे पाच मिनिटांचा. मैफलीच्या शेवटी येणारी भैरवी इथे पहिली आहे, यावरूनच प्रहरांचा क्रम पाळलेला नाही हे कळते. भूपाळी, कलावती, मालकंस, बैरागी असे पाच स्वरांचे राग यात बरेच आहेत आणि ते सर्वांत सहज उतरले आहेत. पाचच स्वर फिरवत राहिले, तरी रागाचा चेहरा लपत नाही. यंत्राच्या आवर्तनाला असे राग सोयीचे. ललत अवघड. त्यात पंचम नाही आणि दोन्ही मध्यम शेजारी शेजारी येतात. त्या दोन मध्यमांमधली जवळीक हेच या रागाचे काळीज. गायक तिथे रेंगाळतो. इथे खालून ठेका सारखा ढकलत असतो, त्यामुळे ललताची उदासी बाजूला राहते आणि एक विलक्षण तणाव तयार होतो. मला ध्वनिमुद्रिकेतला हा सर्वांत धाडसी भाग वाटतो.

टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या दोन्ही यंत्रांचे आवर्तन सोळा घरांचे असते. तीनतालाच्या मात्राही सोळाच, म्हणून इथे तीनतालच वाजतो आहे असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते, डग्गा मिटतो आणि त्या पोकळीवरून ऐकणाऱ्याला समेचे अंतर कळते. डिस्कोत प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा असतो. तिथे खाली नाही, म्हणून समेवर येण्याचा आनंदही नाही. रागदारीच्या जाणकारांना ही ध्वनिमुद्रिका रुचली नाही तर त्याचे कारण इथे शोधावे. आलापाला सवड नाही, बढत नाही, तालाशी लपंडाव नाही. जे आहे ते रागाचे चलन, त्याची वळणे आणि त्यांची न थांबणारी आवृत्ती. सिनेमातल्या डिस्कोवर नाचणाऱ्यांना हवी ती गाण्याची ओळही यात नव्हती. दोन्ही प्रकारच्या श्रोत्यांना ती परकी वाटली असणार.

डच संग्राहक एदो बौमन यांना ही तबकडी २००२ मध्ये दिल्लीत सापडली. पुढे चरणजीत सिंग यांचा शोध घेऊन त्यांनी २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या संस्थेतर्फे ती पुन्हा काढली. पाश्चात्त्य श्रोत्यांना धक्का बसला, कारण टीबी-३०३ चा तो चिवचिवणारा, पिळवटल्यासारखा आवाज शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मधून १९८७ मध्ये लोकांपुढे आणला, अशी सर्वांची समजूत होती. मुंबईची तबकडी त्याहून पाच वर्षे जुनी निघाली. ही कुणा आजच्या संगीतकाराने केलेली थट्टा असावी, अशीही कुजबुज झाली. आफेक्स ट्विन या ब्रिटिश संगीतकाराचे नाव त्यात घेतले गेले.

मुंबईत अ‍ॅसिड हाउसचा शोध लागला, हे म्हणणे मात्र ताणलेले आहे. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकली होती याला आधार नाही, आणि दोन्हींची रीतही निराळी आहे. शिकागोत यंत्राचा फिल्टर हाताने पिळत राहणे हेच संगीत होते. स्वर कोणते, याला फारसे महत्त्व नव्हते. चरणजीत सिंग यांच्याकडे स्वरांनाच अग्रमान आहे. वर ज्युपिटर राग मांडतो, खाली टीबी-३०३ त्याच रागाच्या स्वरांत धावते, आणि आवाजाचा पोत त्या मांडणीतून आपोआप उमटतो. एकच यंत्र, पण ते हाती घेणाऱ्यांचे प्रश्न वेगवेगळे होते.

पुनःप्रकाशनानंतर सत्तरी ओलांडलेले चरणजीत सिंग युरोपातल्या मंचांवर हे राग प्रत्यक्ष वाजवू लागले. आयुष्याचा मोठा काळ पडद्यामागे वाजवलेल्या या वादकाचे नाव तेव्हा कार्यक्रमाच्या शीर्षस्थानी आले, आणि श्रोत्यांत त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुले होती. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.