अमानत कुणाच्या नजरेखाली? बँक, सत्ता आणि आपली परभणी

आपल्या घरांत दुसऱ्याकडे विश्वासाने ठेवलेल्या पैशाला ‘अमानत’ म्हणतात. बँकेतल्या अमानतीवर नजर कोण ठेवतं, ते आज पाहूया.

१९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. व्यवहार हाली सिक्क्यात चालायचे. १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक निघाली आणि संस्थानाच्या चलनाचं कामही तिच्याकडेच आलं. म्हणजे राज्यही सरकारचं, बँकही सरकारची. १९५६ मध्ये ती रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात गेली, १९५९ मध्ये स्टेट बँकेची उपबँक झाली आणि २०१७ मध्ये तिच्यातच विलीन झाली.

१९६० मध्ये पलई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या. त्यानंतर १९६२ पासून ठेवींना विमा मिळू लागला, तेव्हा फक्त १५०० रुपयांचा. २०२० पासून ही मर्यादा व्याजासह ५ लाख आहे, एका बँकेत एका ठेवीदारासाठी.

सहकारी बँकांची गोष्ट वेगळी आहे. १९६६ पासून त्यांना दोन मालक: बँकिंगवर रिझर्व्ह बँक, तर नोंदणी आणि निवडणुकीवर राज्याचं सहकार खातं. संचालक निवडून येतात, म्हणून राजकारणही सोबत येतं. कर्ज कुणाला द्यायचं, हे ठरवणारा आणि मतं मागणारा बरेचदा एकच असतो. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेवर बड्या नेत्यांचं संचालक मंडळ होतं. २०११ मध्ये ते बरखास्त करून प्रशासक नेमावे लागले. २०२० च्या कायदादुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले.

पण पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या या बँका नव्हेत. त्यांच्या ठेवींना हा ५ लाखांचा विमा नाही. पाटी चकचकीत असते, उद्घाटनाला नेते येतात, एजंट ओळखीचा असतो आणि मुलीच्या लग्नाचे किंवा हजसाठी जमवलेले पैसे तिथे जातात.

म्हणून पैसे ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारूया: ही रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली बँक आहे का? ठेवीला विमा आहे का? संचालक कोण आहेत? विचारायला संकोच नको. अमानत आपली आहे, तर हिशेब मागण्याचा हकही आपलाच.