परागाची साक्ष : कृष्णकमळाच्या कुळाची कहाणी

कृष्णकमळाचे फूल आपल्याकडे मोजून दाखवतात. बाहेरचे तंतू म्हणजे शंभर कौरव, आतले पाच पुंकेसर म्हणजे पांडव, त्यांच्या वरच्या तीन कुक्षी म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. अशीच मोजणी युरोपातही झाली होती. अमेरिकेतून आलेल्या धर्मप्रसारकांच्या माहितीवरून जाकोमो बोसियो यांनी १६१० मध्ये क्रूसावरच्या आपल्या ग्रंथात या फुलाचे वर्णन केले. पुढे तिकडे अर्थ रूढ झाला तो असा : तंतूंचे वलय म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमा, तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे. लिनियसने १७५३ मध्ये कायम केलेल्या 'पॅसिफ्लोरा' या नावात ख्रिस्ताच्या याच यातना आहेत. आपल्या बागांतली कृष्णकमळे मूळची अमेरिकेची. तेव्हा कौरव-पांडवांची ही कथाही, कितीही पुरातन वाटली तरी, पोर्तुगीज इकडे आल्यानंतरचीच म्हणावी लागते.

दोन्ही वाचनांत एक गोष्ट सुटली. पांडवांच्या अंगावर जी पिवळसर धूळ असते, तिच्याकडे कोणी पाहिले नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही तिच्याकडे उशिरा पाहिले, आणि पाहिल्यावर तिचे म्हणणे कितपत मानायचे हा प्रश्न त्यांना पुढे अनेक वर्षे सोडवावा लागला.

एखादी वनस्पती कोणाची नातलग, हे ठरवायला पूर्वी डोळ्यांना दिसणारी लक्षणे पुरेशी मानत. जॉर्ज बेंथम आणि जोसेफ हूकर यांच्या 'जेनेरा प्लँटारम' (१८६२–८३) या ग्रंथात कृष्णकमळाच्या शेजारी भोपळ्याचे आणि बेगोनियाचे कुल येते. पपई तर थेट कृष्णकमळाच्याच कुलात आहे. यामागे तर्क होता. पिकली पपई चिरली की बिया मध्यभागी नसून आतल्या भिंतीला लागलेल्या दिसतात. कृष्णकमळाच्या फळातही तसेच. भोपळ्याला ताणे असतात, कृष्णकमळालाही असतात. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य थिओडोर कूक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला (१९०१–०८), त्याची मांडणी याच पद्धतीची आहे. आपल्या महाविद्यालयांतल्या कित्येक पिढ्या हीच पद्धत शिकल्या.

परागकणांचा अभ्यास तसा जुना. एका जातीच्या वनस्पतीचे परागकण एकसारखे आणि निरनिराळ्या वनस्पतींचे वेगळे असतात, हे इंग्लंडच्या नेहेमाया ग्रू यांनी १६८२ मध्येच नोंदवले होते. जर्मनीच्या ह्यूगो फॉन मोल यांनी १८३४ मध्ये परागांच्या आकारांची पद्धतशीर विभागणी केली. परागकणाला दोन आवरणे असतात. त्यांतले बाहेरचे इतके चिवट असते की ते मातीत हजारो वर्षे टिकते. स्वीडनच्या गुन्नार एर्टमान यांनी याच गुणाचा उपयोग केला. अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात पराग तापवला की आतले सारे विरघळून जाते आणि नक्षीदार कवच तेवढे उरते. या पद्धतीने तयार केलेल्या परागांच्या आधारे त्यांनी १९५२ मध्ये फुलझाडांच्या कुलांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला.

कृष्णकमळाचा परागकण पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मी शाळकरी मुलांसाठी मिळतो तसला सूक्ष्मदर्शक वापरतो. काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब घेऊन त्यात पराग झटकला की साधारण मिलिमीटरच्या पंधराव्या भागाएवढा गोल कण दिसतो. त्याच्या कवचावर माशाच्या जाळ्यासारखी वीण असते. या कवचात फटी असतात, आणि त्या टोकांना एकमेकींना मिळाल्यामुळे मधला तुकडा सुटा होऊन झाकणासारखा बसतो. परागनलिका बाहेर पडताना हे झाकण उचलले जाते. भोपळ्याचा पराग याहून मोठा आणि काटेरी. त्यालाही झाकणे असतात. एकोणिसाव्या शतकातल्या पाठ्यपुस्तकांत झाकणाच्या परागाची उदाहरणे म्हणून ही दोन नावे जवळजवळ येत.

इथेच फसायला होते. ताणे दोघांना, झाकणे दोघांना, म्हणजे नाते पक्के, असे कोणालाही वाटेल. पण जवळून पाहिले तर भोपळ्याच्या परागाला सुटी गोल छिद्रे आहेत आणि झाकण त्या छिद्रावरचे आहे. कृष्णकमळाचे झाकण फटी जुळून तयार झालेले आहे. ताण्यांचेही तसेच. कृष्णकमळाचा ताणा पानाच्या बगलेतून, फुले धरणाऱ्या दांड्यापासून बनतो. भोपळ्याचा ताणा पानाच्या बाजूला निघतो. काम एक, घडण वेगळी. साम्य पाहिल्यावर ते कशाचे बनले आहे हे विचारायचे, हा परागाने दिलेला पहिला धडा.

दुसरा धडा प्रजातीच्या आतला. वॉशिंग्टनच्या एल्सवर्थ किलिप यांनी १९३८ मध्ये अमेरिका खंडांतल्या कृष्णकमळांचा ग्रंथ लिहिला. जाती साडेतीनशेच्या घरात, आणि एका पॅसिफ्लोरा प्रजातीचे गट केले बावीस. हे गट मुख्यतः फुलाच्या बाह्य घडणीवर होते. पण फुलाची घडण त्याच्याकडे कोण येते यावर फार अवलंबून असते. अँडीज पर्वतातल्या काही जातींचे फूल लांब नळीचे असते, कारण तिथे तलवारीसारख्या लांब चोचीचा गुंजनपक्षी मध प्यायला येतो. एवढ्या नळीवरून जुस्यू यांनी १७८९ मध्ये 'टॅक्सोनिया' ही वेगळीच प्रजाती केली होती. परागकणाच्या कवचावर पाहुण्याच्या चोचीचा असा सरळ ताबा नसतो. १९६५ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकाच्या एकाच खंडात या कुलाच्या परागांवर दोन दीर्घ लेख आले : प्रेस्टिंग यांचा जर्मन आणि स्पिर्ले यांचा फ्रेंच. बावीस गटांना बावीस तऱ्हेचे पराग नव्हते. फटींची संख्या आणि जोडणी थोड्याच नमुन्यांत बसत होती.

पुढे गुणसूत्रे मोजली गेली. मुख्य संख्या तीनच निघाल्या : सहा, नऊ आणि बारा. टॅक्सोनियाच्या लांब नळीच्या फुलांतही आपल्या बागेतल्या कृष्णकमळासारखी नऊच. फ्युइए आणि मॅकडूगल यांनी २००३ मध्ये सर्व पुरावा एकत्र मांडून बावीस गटांचे चार केले. डीएनएच्या अभ्यासाने ढोबळमानाने याच दिशेला दुजोरा दिला.

तरीही परागाला शेवटचा शब्द द्यावा असे नाही. बागांत लावतात ती टर्नेरा घ्या. पिवळे फूल, सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटणारे. ना ताणा, ना तंतूंचे वलय. तिच्या परागाला तीन फटी. कृष्णकमळाच्याच कुलातल्या, सह्याद्रीतही आढळणाऱ्या अ‍ॅडेनियालाही तीन फटी. पण यावरून नाते सांगता येत नाही, कारण तीन फटी ही द्विदल वनस्पतींच्या फार मोठ्या समूहाची जुनी सामाईक ठेवण आहे. दोघांच्या घरी तुळशीवृंदावन आहे म्हणून ते भाऊबंद ठरत नाहीत. टर्नेराचे नाते वेगळ्या साक्षींनी उजेडात आले : सायनाइड सोडणारी एक विशिष्ट तऱ्हेची दुर्मिळ संयुगे दोन्हींत सापडली, आणि नंतर डीएनए जुळला. २००९ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात टर्नेरा कृष्णकमळाच्या कुलात आली. पपई मोहरीच्या गणात गेली. भोपळा आणि बेगोनिया एकमेकांजवळ राहिले, पण कृष्णकमळापासून दूर झाले. कृष्णकमळाला नवे शेजारी मिळाले ते एरंड आणि जवस.

बेंथम-हूकर यांना यावरून अडाणी ठरवू नये. त्यांच्या हाती होती ती साक्ष त्यांनी काळजीपूर्वक तपासली. इतिहासात आपण एका बखरीवर निकाल देत नाही. ताम्रपट, नाणी, परकीयांचे वृत्तांत यांच्याशी ती ताडून पाहतो. आणि बखर चुकली म्हणून ती फेकूनही देत नाही. परागाची किंमत मला अशीच वाटते. त्याने जुने शेजार तपासायला लावले, काही ठिकाणी तो स्वतःही बुचकळ्यात टाकणारा निघाला, आणि जिथे इतर साक्षींशी जुळला तिथे त्याचे म्हणणे टिकले. आजीने मोजून दाखवलेले पाच पांडव पाचच आहेत. त्यांच्या अंगावरची धूळ बोटाला लागली, तर ती झटकण्याआधी एकदा पाहावी, एवढेच.