ध्रुवरात्रीतला रविवार

सातारकरांचा रविवार अजिंक्यताऱ्यावर उजाडतो. माझाही वर्षानुवर्षे तसाच उजाडत आला आहे. अपवाद गळीत हंगामाचा. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी २७ हंगाम काढले. दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटला की उन्हाळा लागेपर्यंत पाळ्या, आणि सुट्टी ज्या वारी येईल त्या वारी. एका हंगामात रात्रपाळी संपवून घरी आलो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, आज रविवार आहे." मी तिच्याशी वाद घातला. तिने कालनिर्णय पुढे धरले तेव्हा गप्प बसलो. पण मनातून हादरलो. रोज सूर्य उगवणाऱ्या गावात माझा वार हरवला होता. मग जिथे दोन-दोन महिने सूर्यच उगवत नाही, तिथली माणसे रविवार कसा सांभाळत असतील? या एका प्रश्नापायी मी अंटार्क्टिकावरची हाती येतील ती पुस्तके वाचत गेलो.

शोधाचा धागा मात्र घराजवळच सापडला. खटाव तालुक्यातले औंध ही सातारा-सांगलीत विखुरलेल्या एका छोट्या संस्थानाची राजधानी. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला आणि संस्थानच्या शाळांत तो लागू केला. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले, आणि अप्पासाहेबांच्या कन्या अदिती पंत सागरविज्ञानाच्या अभ्यासक. १९८३-८४च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून त्या अंटार्क्टिकाला गेल्या. भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि त्या, अशा या दोघी अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ. सूर्याला रोज नमस्कार घालायला लावणाऱ्या राजाची नात, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात उगवत नाही, अशा भूमीवर पोचली!

अदितीताई गेल्या त्या उन्हाळ्यात. त्याच मोहिमेने 'दक्षिण गंगोत्री' हा आपला पहिला तळ उभारला, आणि जहाज परतले तेव्हा १२ जण तिथे हिवाळा काढायला मागे राहिले. माझा प्रश्न या मागे राहिलेल्यांचा आहे.

त्याचे पहिले उत्तर ८६ वर्षे आधीचे आहे. १८९८ साली 'बेल्जिका' हे जहाज अंटार्क्टिकाच्या समुद्रात गोठून अडकले. तिथल्या बर्फात हिवाळा काढणारी ही पहिली वैज्ञानिक मोहीम. दोन महिन्यांहून अधिक काळ सूर्य दिसला नाही. भूभौतिकीचे अभ्यासक एमिल दांको त्या अंधारातच वारले. माणसे अबोल झाली, कुणाला भ्रम होऊ लागले. जहाजावरचे डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी दोन उपाय योजले: सीलचे ताजे मांस आणि रोजचे चालणे. जहाजाभोवती बर्फात वाट तुडवून सगळ्यांनी फेऱ्या घालायच्या. खलाशांनी या फेरीला वेड्यांच्या इस्पितळातली फेरी असे नाव ठेवले. नाव ठेवले, तरी फेरी चालू राहिली.

चार वर्षांनी स्कॉटच्या 'डिस्कव्हरी' मोहिमेत हिवाळी रात्रीसाठी 'साउथ पोलर टाइम्स' नावाचे मासिक निघाले. संपादक होते शॅकल्टन. प्रत एकच, टंकलिखित, चित्रांनी सजवलेली. सगळ्यांनी आळीपाळीने वाचायची. शाळेतल्या हस्तलिखितावर वाढलेल्या आपल्या पिढीला या मासिकाचे मोल वेगळे सांगायला नको. पुढचा अंक यायचा आहे, एवढ्या आशेनेही महिना सरतो.

आता आपल्या तळांकडे वळू. 'दक्षिण गंगोत्री' समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर उभी होती. दरवर्षी तिच्यावर हिम साचत गेले आणि काही वर्षांत ती बर्फाखाली गाडली गेली. म्हणून १९८९ साली सुमारे ७५ किलोमीटर दक्षिणेला, शिर्माकर ओअॅसिसच्या उघड्या खडकावर 'मैत्री' हा दुसरा तळ सुरू झाला. या स्थलांतराचे कारण अभियांत्रिकीचे होते. पण माझ्या मते त्यातून आणखी एक गोष्ट नकळत पदरात पडली: हिवाळ्यात राहणाऱ्यांना चालायला जागा मिळाली. बर्फाच्या सपाटीवर चहूकडे सारखेच पांढरे; जायचे तरी कुठे? मैत्रीभोवती टेकड्या आहेत, शंभराहून अधिक तळी आहेत. हिवाळ्यात ती गोठतात आणि त्यांच्यावरून वाट जाते. दारातच प्रियदर्शिनी तळे आहे, आणि पूर्वेला सुमारे ५ किलोमीटरवर शेजारी आहे: रशियाचा नोवोलाझारेव्स्काया तळ.

या शेजाऱ्याची एक हकिकत पुष्कळांना ठाऊक असेल. ३० एप्रिल १९६१ रोजी तिथले डॉक्टर लिओनिद रोगोझोव्ह यांनी, बाहेरून मदत येणे शक्य नसल्यामुळे, स्वतःचे अपेंडिक्स स्वतःच कापून काढले. ध्रुवीय हिवाळ्यातला एकटेपणा म्हणजे काय, ते यावरून कळावे. अशा ठिकाणी ५ किलोमीटरवर दुसरा दिवा असणे आणि सुट्टीच्या दिवशी तिकडे जाता येणे, ही चैन नव्हे.

पण अंधारात चालणार कसे? प्रयोगशाळेच्या सवयीने मी हे गणित कागदावर मांडले. मैत्री ७०° ४६' दक्षिण अक्षांशावर आहे. २१ जूनला, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, सूर्य भर दुपारीही क्षितिजाखाली सुमारे ४ अंश असतो. म्हणजे तो दिसत नाही, पण त्याचा उजेड कडेने वर येतो. आभाळ निरभ्र असेल तर पायाखालचे दगड दिसतील एवढा संधिप्रकाश सुमारे साडेतीन तास मिळतो. रविवारची भटकंती एवढ्यात बसवायची. तीही एकट्याने नाही: निघताना कुठे चाललो आणि केव्हा येणार हे सांगायचे, सोबत वायरलेस ठेवायचा, वारा वाढू लागला की मुकाट्याने मागे फिरायचे. हिमवादळात हातभरावरचे दिसत नाही. याच २१ जूनला अंटार्क्टिकावरचे तळ एकमेकांना शुभेच्छा धाडतात आणि मेजवानी करतात. तो दिवस त्यांची दिवाळीच. त्यानंतर उजेड वाढू लागतो.

मोहिमांच्या इतिहासात नमुने मोजले जातात, तापमान मोजले जाते, मुक्कामाचे दिवस मोजले जातात. सुट्टीचा हिशेब तळटीपेतही नसतो. मला वाटते, हा इतिहासाचा आंधळेपणा आहे. हिवाळ्यात मैत्रीवर सुमारे २५ माणसे राहतात. पुण्याच्या हवामान खात्यातली, नवी मुंबईच्या भूचुंबकत्व संस्थेतली मंडळीही त्यांत जाऊन आलेली आहेत. त्यांची चुंबकमापके आणि हवेची उपकरणे रविवार पाळत नाहीत. नोंद अखंड राहायची तर नोंद घेणारा माणूस अखंड राहिला पाहिजे, आणि त्याला अखंड ठेवणाऱ्या गोष्टींत ही चाल मोडते. म्हणून ती विज्ञानाच्या इतिहासातच लिहिली पाहिजे.

बाळासाहेबांच्या सूर्यनमस्काराचा अर्थही मला या वाचनानंतर वेगळा लागला. त्यातले खरे बळ सूर्य दिसण्यात नाही, रोज ठरल्या वेळी उभे राहण्यात आहे. औंधला सूर्य आपणहून वेळ सांगतो; ध्रुवावर ती माणसाला घडवावी लागते. वार हा आभाळातून पडत नाही. चार माणसांनी मिळून तो पाळला, तर तो असतो.

यंदाचा हंगाम आता तोंडावर आला आहे. माझी सुट्टी बुधवारी पडणार, असे कळले आहे. बुधवारी सकाळी अजिंक्यताऱ्यावर फारसे कुणी नसते. पाळीतल्या दोन पोरांना मी सांगून ठेवले आहे: सहाला राजवाड्यापाशी या, आपला रविवार बुधवारी आहे.