होळकरांचा यांत्रिक रथ

इंदूरच्या तुकोगंज भागाच्या नावात होळकर घराण्यातील तुकोजीरावांचे स्मरण वसले आहे. 1926 साली तिसऱ्या तुकोजीरावांनी राज्यत्याग केला आणि त्यांचे चिरंजीव दुसरे यशवंतराव गादीवर आले. मल्हाररावांच्या घोडदळाने नर्मदेच्या उत्तरेस मराठ्यांचा दबदबा बसविला. त्यांच्या या वंशजाचे मन मात्र यंत्रयुगाच्या सौंदर्यावर जडले. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी माणिकबाग प्रासाद उभारविला, आणि 1935-36च्या सुमारास अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची एस.जे. जातीची मोटार घेऊन लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून तिच्यावर दोन आसनी, लांबसडक बांधणी करविली.

ही मोटार केवळ संस्थानिकी विलासाची वस्तू नव्हती. तिचे कुळ शर्यतीचे होते. 1921 साली फ्रान्सची ग्रां प्री जिंकणारी गाडी ड्यूसेनबर्गचीच. 1924, 1925 आणि 1927 साली इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यतही याच गाड्यांनी जिंकली. शर्यतीत कमावलेले ज्ञान बंधुद्वयाने रस्त्यावरील गाडीत उतरविले. आठ सिलिंडरांच्या, सुमारे 6.9 लिटरच्या या इंजिनाची शक्ती मूळ 265 अश्वशक्ती होती. अधिक हवा दाबून सिलिंडरात भरणारा सुपरचार्जर जोडताच ती 320वर गेली. 1935 साली अॅब जेन्किन्स यांनी याच जातीच्या यंत्रावर बॉनव्हिलच्या मिठागरात चोवीस तास ताशी सरासरी 135.47 मैलांचा वेग राखला.

वेगाने आपले मोलही वसूल केले. थोरले बंधू फ्रेड 1932 साली स्वतःच्याच एस.जे. गाडीच्या अपघातानंतर निवर्तले, आणि 1937 साली कंपनीही बंद पडली. तरी अमेरिकन जनतेने तो वारसा मातीस मिळू दिला नाही. इंडियाना प्रांतातील ऑबर्न गावी, ऑबर्न कंपनीच्या जुन्या प्रदर्शनगृहातच, 1974 साली या गाड्यांचे संग्रहालय उघडले. जेन्किन्स यांची विक्रमी गाडीही जतन झाली आहे.

इंदूरची गोष्ट निराळी. यशवंतराव 1961 साली वारले. माणिकबागेतील सामान 1980 साली मोनॅको येथे लिलावात विकले गेले, आणि पॅरिसच्या संग्रहालयाने 2019 साली त्याचे प्रदर्शन मांडले. होळकरांची ड्यूसेनबर्गही अमेरिकन संग्राहकांनी सांभाळली. आमच्या 1972च्या पुरावस्तु कायद्यात सामान्यतः शंभर वर्षांची अट आहे. 1930नंतरच्या दशकातील यंत्रांना तेव्हा त्याचा आधार कोठून मिळावा?

येथे देवळाचा रथ आठवतो. त्याचे लाकूड कुजते, चाक झिजते, तरी सुतार नवा तुकडा बसवितो आणि रथ पिढ्यान् पिढ्या चालतो, कारण त्याच्या दोरीला साऱ्या गावाचा हात लागलेला असतो. खंडेनवमीस आपण शस्त्रांबरोबर यंत्रांचीही पूजा करतो. राजाची मोटार मात्र एकट्या राजाची राहिली. धनी गेला आणि तिला गाव उरले नाही. जी वस्तू समाज आपली मानतो, तीच टिकते. संस्थाने विलीन झाली, पण त्या काळातील अवजारे, छापखाने, गिरण्यांची यंत्रे अजून कोठे कोठे उभी आहेत. त्यांना शंभर वर्षे पुरी होण्याची वाट पाहत बसणे हे शहाणपण नव्हे.